पूजेला बसलेलं शेल्फ

ग्रंथ हेच घराचं खरं वैभव, आणि वाचनाइतका पवित्र संस्कार दुसरा नाही. आमच्या पुण्याच्या घरी हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आले. म्हणणारे पाहुणे बहुधा दिवाणखान्यातल्या काचेच्या कपाटासमोर उभे असत. कपाटात ग्रंथ होते, प्रत्येकाला खाकी कव्हर होतं आणि कपाटाला कुलूप होतं. एकदा रंगकामासाठी कपाट हलवायची वेळ आली तेव्हा किल्ली हरवल्याचं लक्षात आलं. ती कधी हरवली, हे घरात कुणालाच सांगता येईना.

ऑक्टोबर आला की मला ते कपाट आठवतं, आणि त्याला लागूनच माझ्या जुन्या घरमालकीण राजम मामी आठवतात. इथे इंग्लंडात, ब्रॅकनेलमध्ये, ऑक्टोबर म्हणजे ऑफिसच्या कार पार्कमध्ये ओल्या पानांचा लगदा, जेवणाच्या सुट्टीनंतर लगेच उतरू लागणारा उजेड आणि सुपरमार्केटच्या दारात रचलेले केशरी भोपळे. त्यातच कधीतरी पुण्याहून आईचा फोन येतो. "दसऱ्याला पाटीवर सरस्वती काढलीस ना?" पाटी नाही म्हटलं की म्हणते, "मग कागदावर काढ. काँप्युटरवर नको." एवढं बोलणं झालं की माझ्या नाकात भिजवलेल्या हरभऱ्यांना दिलेल्या हिंगाच्या फोडणीचा वास येतो आणि मी पुन्हा त्या घरात जाते.

ते घर पश्चिम लंडनच्या कडेला, ईलिंगच्याही पलीकडे होतं. वर्क परमिटवर येऊन मला थोडेच दिवस झाले होते. एका सहकाऱ्याने सांगितलं, "एक तमिळ बाई आहेत. माटुंग्याच्या. मराठी बोलतात. वरची खोली द्यायची आहे." मी गेले. दार उघडणाऱ्या बाईंच्या एका हातात डाव होता आणि दुसऱ्या हातात पुस्तक, त्यात बोट घातलेलं.

"शूज काढ. बस. एवढं पान होऊ दे."

मी बसले. स्वयंपाकघरातून सांबाराचा वास येत होता आणि थोडा करपल्याचाही. पान झालं, पुस्तकात कढीलिंबाची काडी खूण म्हणून गेली आणि मग माझी मुलाखत झाली. भाडं किती, किती दिवस राहणार, यातलं काही विचारलं नाही. "जेवताना वाचतेस की नाही?" एवढंच विचारलं. जेवताना वाचू नये असं आमच्याकडे सांगतात, असं मी म्हटलं. त्यांनी माझ्याकडे कीव केल्यासारखं पाहिलं. "मग जेवताना करता काय?"

पहिला धक्का मला त्याच दिवशी बसला. त्यांच्या हातातलं पुस्तक म्हणजे फाडलेल्या पानांचा गठ्ठा होता, जाड दोऱ्याने शिवलेला, वर कसल्याशा कॅलेंडरचा पुठ्ठा. साप्ताहिकात क्रमशः येणारी कादंबरी दर आठवड्याला फाडून ठेवायची आणि संपली की घरीच शिवून टाकायची, ही त्यांच्याकडची घरोघरची पद्धत.

"फाडायची?" मी म्हटलं. खाकी कव्हरांच्या घरातली मी.

"मग काय, अख्खं साप्ताहिक शिवायचं? कथा पाहिजे. बाकी रद्दी."

अर्थात रद्दी पानाच्या पाठीवर येतेच. एका बाजूला नायिका मरत होती आणि मागच्या बाजूला पाचक चूर्णाची जाहिरात होती. "मला कुणी गेल्याचं कळलं की अजून ते चूर्ण आठवतं," मामी म्हणाल्या. त्या हसल्या नाहीत, म्हणून मीही हसले नाही.

त्यांचं बालपण कुंभकोणमचं. घरात साप्ताहिक एकच आणि वाचणाऱ्यांची रांग ठरलेली. आधी आजोबा, मग वडील, मग काका, मग स्वयंपाक आवरल्यावर बायका, आणि सगळ्यांच्या शेवटी मुलं. तोवर पानांना हळद लागलेली असे. रांगेत थांबणं छोट्या राजमला मान्य नव्हतं. अंक घेऊन येणाऱ्या माणसाला ती कोपऱ्यावरच गाठायची. तो चहा पिईपर्यंत त्याच्या सायकलला टेकून पूर्ण प्रकरण वाचायची आणि मग घरी येऊन शहाण्यासारखी रांगेत उभी राहायची.

"आजोबा वाचायला लागले की मी समोर बसायची. त्यांना रडू कुठे येणार, मला आधीच ठाऊक. त्यांचा पंचा मी तयार ठेवायची. ते म्हणायचे, केवढी मायाळू नात आहे."

लग्न होऊन माटुंग्यात आल्या तर सासूबाईंना सुनेच्या हातात पुस्तक खपत नसे. पण वाण्याकडून येणाऱ्या पुड्यांवर त्यांचा आक्षेप नव्हता. मामींनी पुड्या वाचायला सुरुवात केली. वाणी तमिळ रद्दी वापरायचा. एकदा जिऱ्याच्या पुडीवर गोष्ट अर्ध्यात तुटली तेव्हा मामी तडक परत गेल्या आणि म्हणाल्या, आणखी जिरं द्या, आणि याच गठ्ठ्यातल्या कागदात बांधा. पुढचं पान मिळालं. त्याच्या पुढचंही मिळालं. त्या महिन्यात घरातल्या प्रत्येक पदार्थाला जिऱ्याची चव होती आणि सासूबाईंनी वैद्यांना विचारलं होतं की सुनेला दिवस तर गेले नाहीत ना.

मी ज्या वाचनसंस्कृतीत वाढले तिच्यात समई असायची, शाल-श्रीफळ असायचं आणि हार घालून घेता घेता बोलणारे अध्यक्ष असायचे. जिऱ्यासाठी पळणारं कुणी मी तिथे पाहिलं नव्हतं.

मुलगा रघू इंग्लंडला आला, त्याच्या मागे मामी आणि त्यांचे यजमान आले. यजमान इथेच गेले. मग रघूची नोकरी मिल्टन कीन्सला गेली. त्याने तिथे दुसरं घर घेतलं आणि हे घर विकून आईने आपल्याकडे यावं म्हणून धोशा लावला. दर रविवारी तो यायचा आणि मिल्टन कीन्सचं वर्णन करायचा.

"अम्मा, तिथे सगळं प्लॅन्ड आहे. रस्ते सरळ, पार्किंग फ्री. चालायला वेगळे लाल रस्ते आहेत."

"चालून कुठे जायचं?"

"जिथे जायचं तिथे मी गाडीने सोडीन ना."

"मग लाल रस्ते कशाला?"

खरं कारण मामी सांगत नसत, पण घरात ते सगळ्यांना माहीत होतं. या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर कौन्सिलचं, म्हणजे इथल्या नगरपालिकेचं, वाचनालय होतं. त्यात मागच्या भिंतीला, मोठ्या टायपाच्या इंग्रजी कादंबऱ्या आणि गुजराती पुस्तकांच्या मधे, एक तमिळ शेल्फ होतं. मामींनी ते शेल्फ डावीकडून उजवीकडे वाचून संपवलं होतं आणि मग पुन्हा डावीकडून सुरू केलं होतं. वाचून झालेल्या पुस्तकाच्या शेवटच्या पानावर, कोपऱ्यात, त्या पेन्सिलीने एक ठिपका देत. इथल्या म्हाताऱ्या बायकाही पुस्तकांत अशा गुप्त खुणा करतात, हे त्यांना ग्रंथपाल जूनबाईंनी सांगितलं होतं. बाकीच्यांच्या खुणा एकेकट्या असत. मामींच्या काही पुस्तकांत इतके ठिपके साठले होते की जोडले असते तर दारापुढची रांगोळी झाली असती.

एका संध्याकाळी मी कामावरून आले तर मामी जेवत होत्या आणि समोर पुस्तक नव्हतं. मी घाबरले. पुण्याला फोन करून सगळे ठीक आहेत ना, हे विचारावं असं मला वाटून गेलं.

"शेल्फ काढणार," त्या म्हणाल्या. "जून म्हणाली. कुणी नेत नाही म्हणे. जी नेत नाहीत ती दारातल्या गाडीवर विकायला काढायची. काकड्या उरल्यासारखी."

"तुम्ही नेता की."

"मी एकटी. एकटीने किती नेणार?"

शेल्फ गेलं तर मिल्टन कीन्सला नाही म्हणायला कारण उरणार नव्हतं. आम्ही दोघींनीही हे बोलून दाखवलं नाही, मामींनी नाही आणि मीही नाही. पण सॉफ्टवेअरच्या यंत्रणा तपासून त्यांतल्या चुका काढणं हा माझा पोटापाण्याचा धंदा, त्यामुळे गप्प बसणं मला जमण्यासारखं नव्हतं. मी म्हटलं, आकडा लागतो ना त्यांना, आपण आकडा देऊ. सगळं शेल्फ घरी आणू. माझं कार्ड, तुमचं कार्ड, शिवाय या भागात राहणाऱ्या माझ्या ऑफिसातल्या लोकांची कार्डं. कौन्सिलच्या काँप्युटरला दिसेल की तमिळ वाचकांची झुंबड उडाली आहे.

मामींचा चेहरा कोपऱ्यावर सायकल दिसल्यासारखा झाला.

चाकांच्या बॅगा घेऊन आम्ही खेपा घातल्या. ज्यांच्या कार्डांवर ही पुस्तकं निघाली त्यांत एक नागपूरचा होता, एक पंजाबी होता, आणि कुणालाही तमिळचं एक अक्षर येत नव्हतं. नागपूरकर म्हणाला, "माझ्या नावावर काय वाचतोय ते तरी सांग. आई विचारेल." जूनबाई एकेक पुस्तक मशीनखाली धरत होत्या. फक्त एकदा म्हणाल्या, "पावसाळी हवेत वाचायला बरं असतं, नाही का?"

शेल्फ रिकामं झालं. घर भरलं. आणि नवरात्र बसलं.

मामींकडे नवरात्रात गोलू मांडत, म्हणजे पायऱ्यांवर बाहुल्यांची आरास. पायऱ्या रिकाम्या सुटकेसांच्या, वर यजमानांची पांढरी वेष्टी, म्हणजे धोतर, पसरलेली. देव, राजे, वाणी आणि वाणीण, एक लग्नाची वरात, आणि कोपऱ्यात लंडनची लाल बस. नवव्या दिवशी सरस्वतीपूजा. आमच्याकडे त्याच दिवशी खंडेनवमी असते, हत्यारं पुजतात, हे मला माहीत होतं. मामींकडची पद्धत मात्र मला ठाऊक नव्हती. घरातली सगळी पुस्तकं त्या दिवशी पूजेला ठेवायची, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी विजयादशमीची पूजा होऊन ती उठवेपर्यंत घरात कुणीही वाचायचं नाही.

"कुणीही?" मी विचारलं. "तुम्हीसुद्धा?"

"मीसुद्धा. लहानपणी पोरं या दिवसाची वाट बघायची. मी रडायची. एकदा ट्रंकेच्या तळाला घातलेला पेपर वाचताना पकडले गेले. मी म्हटलं, ट्रंक पूजेत नाही. मार बसला."

त्या नवमीला मी घरून काम करत होते. सकाळी खाली आले तर सीरियलचे खोके भिंतीकडे तोंड करून उभे होते. चहाच्या डब्यावर फडकं होतं. हॉलमध्ये सगळं तमिळ शेल्फ रेशमी साडीच्या घडीवर रचलेलं होतं, वर झेंडू, हळद-कुंकू. माझा लॅपटॉपही त्यांनी मागितला. मी माउस दिला. रघू सुट्टी काढून आला होता आणि सोफ्यावर हरभऱ्यांची उसळ खात बसला होता. त्याच्या बॅगेतून इस्टेट एजंटचं एक गुळगुळीत पत्रक डोकावत होतं. निदान आज ते वाचून दाखवायची सोय त्याला नव्हती.

दुपारी फोन वाजला. जूनबाई होत्या. आवाज हळू.

"डिअर, आज आमचे वरचे लोक आलेत. शाखा बघत फिरतायत. तुमचं शेल्फ जरा मोकळं दिसतंय. थोडी आणून ठेवता येतील का? अर्धं भरलं तरी चालेल."

जो माणूस काय ठेवायचं आणि काय काढायचं ते ठरवतो, तो काँप्युटरमध्ये बघत नाही, भिंतीकडे बघतो, हे माझ्या योजनेत नव्हतं. रिकाम्या शेल्फचा अर्थ झुंबड असा आम्ही धरला होता. त्याचा दुसराही अर्थ होतो, आणि तो अगदी सरळ आहे.

मी मामींना सांगितलं. त्यांनी पुस्तकांकडे पाहिलं आणि मान हलवली. "उद्या."

"मामी, उद्या ते लोक नसतील. थोडीच उचलू. वरची."

"पूजेतली आहेत."

मग रघू उठला. माझी खात्री होती की तो गप्प राहील, त्याचं काम आपोआप होत होतं. पण त्याने गाडीची किल्ली काढली. "अम्मा, मी नेतो. दहा मिनिटांचं काम आहे. देव काय पोलिस पाठवतो का?"

"तू बस."

"शेल्फ जाईल ना मग. मागाहून मला बोलू नकोस."

मामी खुर्चीत बसल्या. त्यांनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं आणि सोडलं.

"वर्षभर मी विचारते का कुणाला?" त्या म्हणाल्या. "डाव हातात असताना वाचते. ताटावर वाचते. तुझे अप्पा हॉस्पिटलात होते तेव्हा त्यांच्या उशाशी वाचत होते, नर्स बघायची माझ्याकडे. सासूने पुस्तक बंद केलं तर पुडी वाचली. फाडून वाचलं, चोरून वाचलं. एक दिवस विचारते. एक दिवस पुस्तक माझं नाही. तो दिवसपण मोडू?"

रघूने किल्ली खिशात घातली. मी तिथे उभी होते आणि मला आमच्या कपाटाचं कुलूप आठवत होतं. आम्ही वर्षभर पूजा करायचो.

दुसऱ्या दिवशी सकाळी पूजा उठली. त्या दिवशी प्रत्येकाने थोडं तरी वाचायचं असतं. मामींनी एक पान इतक्या वेगाने वाचलं की उपाशी माणूस ताटावर बसल्यासारखं वाटलं. रघूने तमिळ वाचलं, अक्षराला अक्षर लावत, कानाची पाळी लाल करून. मला तमिळ येत नाही, म्हणून मी त्याच्या इस्टेट एजंटच्या पत्रकाच्या पाठीवर पेन्सिलीने सरस्वती काढली. मग आम्ही तिघांनी गाडी भरली.

वाचनालयाच्या मागच्या भिंतीला तमिळ शेल्फ नव्हतं. म्हणजे शेल्फ होतं, पण त्यावर डीव्हीडी होत्या, वर्णमालेप्रमाणे लावलेल्या. वर नवी पाटीसुद्धा आली होती. या कौन्सिलने आमच्या रस्त्यावरचा दिवा बदलायला पूर्ण हिवाळा घेतला होता. हे काम त्यांनी एका रात्रीत केलं होतं. मी आयुष्यात पहिल्यांदाच सरकारी कार्यक्षमता बघत होते.

"ते म्हणाले, पुस्तकं आधीच काढून झालेली दिसतायत," जूनबाई म्हणाल्या. "मी सांगितलं की बाहेर आहेत. ते म्हणाले, सगळी? आणि हसले."

"पण आकडा?" मी म्हटलं. "यंत्रणेत दिसत असेल ना. सगळी पुस्तकं बाहेर आहेत."

"दिसतं ना, लव्ह. पुढच्या वर्षीच्या अहवालात येईल."

मामी डीव्हीडींसमोर उभ्या होत्या. त्यांनी हात पुढे केला, शेल्फच्या फळीला लावला आणि डोळ्यांना लावला. मग बॅगेकडे बघून विचारलं, "आता ही कुठे ठेवू?"

जूनबाईंनी दारातल्या विक्रीच्या गाडीकडे पाहिलं. मग आवाज आणखी खाली आणला. "परत आली तर मला तिथे ठेवावी लागतील. पण बाहेर असलेलं पुस्तक कुणालाच काढून टाकता येत नाही. मुदत वाढवून घेत राहा. मी आहे." आणि रघूकडे न बघता त्या म्हणाल्या, "फक्त वाचक कौन्सिलच्या हद्दीत राहणारा पाहिजे. हद्दीबाहेर राहायला गेलात तर सगळी परत करावी लागतील."

रघू इंग्लंडात इतकी वर्षं राहिला होता की नियम म्हटल्यावर त्याचा आवाज आपोआप खाली येत असे. त्याने आईकडे पाहिलं, बॅगांकडे पाहिलं आणि बॅगा उचलून पुन्हा गाडीत ठेवल्या. परतताना एका सिग्नलला तो म्हणाला, "अम्मा, कपाट लागेल ना?" तेवढंच.

पुढे माझ्या कार्डावरची पुस्तकं मामींच्या नावावर करून मी ब्रॅकनेलला राहायला आले. मिल्टन कीन्सचा विषय निघेनासा झाला, रघू रविवारी येतो, जेवतो, जातो. घर विकलं गेलं नाही. ही गोष्ट मी ऑफिसात पुष्कळदा सांगितली आहे, आणि दरवेळी कुणीतरी म्हणतं, वा, पुस्तकं वाचली म्हणजे. इथपर्यंत ती सांगायला बरी आहे.

या दसऱ्याला मी मामींकडे गेले होते. हॉलमध्ये रघूने आणलेलं कपाट आहे. त्याला काचेची दारं आहेत. आत तमिळ शेल्फ, डावीकडून उजवीकडे, सरळ. एकाही पुस्तकातून कढीलिंबाची काडी डोकावत नव्हती. मी विचारलं, "सध्या कोणतं चाललंय?"

"ती?" मामी म्हणाल्या. "ती घरातच आहेत की. कुठे पळतायत?"

त्यांच्या हातात ताट होतं आणि नजर टीव्हीवर. कुठल्याशा परक्या भाषेतला सिनेमा चालू होता आणि खाली इंग्रजी अक्षरं पळत होती. ओळ जायच्या आत ती पकडायची म्हणून त्यांचा घास हातातच राहिला होता. "यात मजा आहे. थांबत नाहीत. एक ओळ गेली की गेली."

त्या उठल्यावर मी कपाट उघडलं आणि एकामागून एक शेवटची पानं पाहिली. ठिपके जुनेच होते. मला वाटत होतं, आम्ही त्यांचं वाचन वाचवलं. आम्ही त्यांना आमचं कपाट दिलं होतं. ज्या बाईने आयुष्यभर रांग मोडून, पुडी उलगडून, फाडून वाचलं, तिच्या पुस्तकांना कुणी हात लावणार नाही अशी सोय आम्ही केली, आणि मग तिनेही लावला नाही. मामींना हे सांगायचं का, हा विचार मी केला. पण त्यांना दुःख झालेलं दिसत नव्हतं. त्यांना सिनेमाचा शेवट हवा होता.

दुपारी आम्ही वाचनालयात गेलो. मुदत वाढवायची होती आणि सिनेमा परत करायचा होता. मागच्या भिंतीवर, डीव्हीडींच्या वर, वरच्या कचेरीतून आलेलं एक प्रशस्तिपत्र फ्रेम करून लावलं आहे. वाचनसंस्कृती जोपासल्याबद्दल शाखेचं अभिनंदन, आणि शाखेतला सर्वाधिक लोकप्रिय विभाग म्हणून तमिळ पुस्तकांचा उल्लेख. जूनबाईंनी ते मला कौतुकाने दाखवलं. मामींनी त्याच्या खालून एक डॅनिश सिनेमा उचलला.